‘सुपरमॅन २’चा डॉनर कट: घ्या, पण मूळ चित्रपटासकट

‘सुपरमॅन २’ विकत घेताना आधी डिस्कच्या पाठीवरची लांबी बघा. १२७ मिनिटं असतील तर तो रिचर्ड लेस्टरच्या नावावरचा, १९८०-८१ मध्ये चित्रपटगृहांत लागलेला चित्रपट. ११६ मिनिटं असतील तर २००६ मध्ये जुळवलेला रिचर्ड डॉनरचा कट, म्हणजे मूळ दिग्दर्शकाच्या चित्रीकरणातून केलेली आवृत्ती. २०२३ मध्ये आलेल्या फोर-के संचात दोन्ही आहेत. घ्यायचा तर तोच. फोर-के डिस्कला रीजनची, म्हणजे परदेशातली डिस्क इथल्या प्लेअरवर न चालण्याची, अडचण येत नाही, मात्र साध्या ब्लू-रे प्लेअरवर ती चालत नाही.

डॉनरने पहिला आणि दुसरा भाग एकत्रच चित्रित करायला घेतला होता. दुसऱ्याचं बरंच काम झालेलं असताना साल्काइंड पितापुत्र निर्मात्यांशी त्याचं बिनसलं, त्याच्या जागी लेस्टर आला, आणि सुपरमॅनचा बाप जोर-एल झालेल्या मार्लन ब्रँडोची दृश्यं पैशांच्या वादात बाहेर गेली. तिथेच कथेचा कणा मोडला. लेस्टरच्या चित्रपटात शक्ती गमावलेला क्लार्क (सुपरमॅनचं माणसातलं रूप) आपल्या उद्ध्वस्त किल्ल्यात परततो, त्याला हिरवा स्फटिक सापडतो आणि पुढे थेट सुपरमॅनच अवतरतो. मधलं काही दाखवलेलंच नाही. डॉनर कटमध्ये जोर-एल आपली उरलीसुरली ऊर्जा मुलाला देतो आणि कायमचा नाहीसा होतो. पहिल्या भागात मुलाला पृथ्वीवर धाडणाऱ्या बापाची गोष्ट इथे पूर्ण होते. एवढ्या एका प्रसंगासाठीही हा कट संग्रही हवा.

तरीही पहिल्यांदा बघणाऱ्याने सुरुवात याने करू नये. हा जोडकामाचा चित्रपट आहे आणि सांधे दिसतात. नायगाराच्या हॉटेलात नायिका लोइस क्लार्कवर पिस्तूल झाडते तो प्रसंग डॉनरला चित्रित करताच आला नव्हता; तिथे ख्रिस्तोफर रीव्ह आणि मार्गो किडर यांच्या स्क्रीन टेस्ट, म्हणजे भूमिकेच्या निवडीसाठी घेतलेल्या चाचण्या, वापरल्या आहेत. त्यामुळे रीव्हचे केस, चष्मा आणि अंगकाठी एकाच संभाषणात बदलत राहतात. अभिनय मात्र अस्सल आहे, लेस्टरच्या त्याच जागेवरच्या प्रसंगापेक्षा कितीतरी सरस. २००६ मध्ये घातलेली संगणकीय दृश्यं जुन्या फिल्मशेजारी उपरी वाटतात. शेवट तर फसलाच आहे: पहिल्या भागासारखंच काळ उलटा फिरवणं. काळ मागे गेला, म्हणजे शक्ती गमावलेल्या क्लार्कला ढाब्यावर ज्या गुंडाने मारलं होतं, त्याने आता मारलंच नाही. तरी क्लार्क जाऊन त्याचा हिशेब चुकता करतो!

आधी पहिला भाग, मग लेस्टर, शेवटी डॉनर, हा क्रम ठेवा. लेस्टरचा चित्रपट बघताना कोणतं दृश्य कोणाचं, हे ओळखायची एक खूण: खलनायक लेक्स लुथर झालेला जीन हॅकमन लेस्टरसाठी परतलाच नाही, म्हणून त्याचा चेहरा स्पष्ट दिसतो ते सगळं डॉनरचं. लेक्स पाठमोरा असेल आणि आवाज किंचित वेगळा लागला, तर तो डमी. पुढे डॉनर कट डॉनर आणि पटकथेवर काम केलेला टॉम मँकिविझ यांच्या समालोचनासह पुन्हा लावा. संचातला तो सर्वांत मोलाचा जादा ऐवज आहे.