विल्यम्सबर्गची गोल्फ सहल : गोल्डन हॉर्सशू की किंग्जमिल?

१६९९ ते १७८० या काळात अमेरिकेतील व्हर्जिनियाची राजधानी असलेल्या विल्यम्सबर्गमध्ये बेताच्या खर्चात गोल्फ खेळायचे असेल, तर माझा कौल गोल्डन हॉर्सशू या गोल्फ क्लबला आहे. रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी आखलेले १९६३ सालचे तिथले गोल्ड नावाचे मैदान ऐतिहासिक वस्तीलगत असल्यामुळे, रेल्वेने आलेल्या पर्यटकाला सकाळी खेळून दुपारी त्या वस्तीतल्या ड्यूक ऑफ ग्लॉस्टर रस्त्यावर पायीच हिंडता येते, आणि त्यासाठी तिकीटही लागत नाही. ते इमारतींच्या आत जाण्यासाठी असते. सोळाव्या होलचे पाण्याने वेढलेले ग्रीन (होलभोवतीची आखूड गवताची जागा) तर केवळ अप्रतिम! जेम्स नदीकाठचे, पीट डाय यांनी आखलेले किंग्जमिल या रिसॉर्टचे रिव्हर नावाचे मैदानही देखणे आहे. मात्र तिथे जाण्यासाठी वाहनाचा खर्च आलाच. दोन्हीकडे उतरत्या दुपारचे सवलतीचे दर आधी विचारून घ्यावेत.