वॉरफॅरिन की अपिक्साबॅन?
मावशीच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी रक्त गोठू न देणाऱ्या या दोन्ही औषधांचे पर्याय सांगितले आणि कोणतं घ्यावं यात ती अडकली.

जखम झाली की आधी प्लेटलेट (रक्तातल्या बारीक पेशी) चिकटतात, मग थ्रॉम्बिन नावाचं प्रथिन फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं तयार करतं, तीच गुठळी. वॉरफॅरिनमुळे के जीवनसत्त्वावर बनणारे, रक्त गोठवणारे घटक कमी होतात. अपिक्साबॅन त्यांतला थ्रॉम्बिन बनवणारा सक्रिय दहावा घटकच अडवते.

वॉरफॅरिन स्वस्त, पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) तपासायच्या खेपा फार. मेथी-पालकात के जीवनसत्त्व असतं, म्हणून तीही बेताने, रोज साधारण सारखीच खायची. आज गड्डीभर, उद्या काहीच नाही, असं चालत नाही. अपिक्साबॅन महाग, पथ्य नाही, पण दिवसातून दोनदा न चुकता घ्यावी लागते, कारण असर लवकर उतरतो. रक्तस्रावाची भीती दोन्हींत.

हृदयात धातूची झडप असेल तर वॉरफॅरिनच. मावशी मंगळवेढ्याजवळच्या खेड्यात राहते, मूत्रपिंड-यकृत ठीक. डॉक्टरांची हरकत नसेल तर तिला अपिक्साबॅनच बरी.