अ‍ॅम्प्लिफायरमधला २४ व्होल्टचा रिले बदलला त्याला आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही

आमच्याकडे नानांचा जुना जपानी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे, ८० च्या दशकातला. २०१९ च्या पुरात सांगलीत गावभागातल्या घराच्या तळमजल्यात पाणी आलं तेव्हा हा माळ्यावर होता म्हणून वाचला, पण नंतर कितीतरी दिवस भिंती ओल्या होत्या आणि हा त्याच दमट हवेत पडून. तरी इतकी वर्षं चालला.

मागच्या दिवाळीपासून उजवा स्पीकर नखरे करायला लागला. हळू आवाजात गप्प, नाहीतर फाटका आवाज, आणि व्हॉल्यूम झटकन वाढवला की फट करून चालू, मग तासभर काही तक्रार नाही. नाना मूळचे मिरजेचे, सकाळी अब्दुल करीम खाँसाहेब लागतातच, आणि ती रेकॉर्डिंगं मोनो, दोन्ही स्पीकरवर तेच, म्हणजे एक बाजू गेली तरी त्यांना पत्ता नाही, चिडचिड फक्त माझी.

दुकानात नेला. तिथल्या माणसानं दोन मिनिटांत ओळखलं, "रिले गेलाय दादा, काढून डायरेक्ट वायर मारून देतो, काय होत नाही." निदान शंभर टक्के बरोबर, पण उपाय ऐकून मी अ‍ॅम्प उचलून घरी आणला. कारण हा रिले, म्हणजे विजेनं उघडमीट होणारा स्विच, स्पीकरचा वॉचमन आहे. सुरू केल्यावर पाचेक सेकंदांनी जी 'टिक' ऐकू येते तो हाच. त्याच्या मागं माझ्या सेटमध्ये एनईसीची यूपीसी १२३७ ही ८ पायांची आयसी (चिप) आहे, ती आउटपुटवर डीसी (एकाच दिशेचा करंट) येतोय का बघत असते आणि आला की रिले सोडून स्पीकरची वाट तोडते. माझ्या अ‍ॅम्पचा सप्लाय अधिक-उणे ४२ व्होल्ट. आउटपुटचा एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की तेवढा डीसी थेट स्पीकरवर. ८ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर ६ ओहमच्या आसपास दाखवते, म्हणजे हिशोबानं जवळजवळ ३०० वॅट, तोही गाण्याचा नाही, नुसता उष्णतेचा. कॉइल काही क्षणांत काळी. काय होत नाही म्हणे!

आधी फुकटचा उपाय केला. रिलेचं प्लास्टिकचं टोपण काढलं, आत कॉन्टॅक्ट, म्हणजे स्विच मिटला की एकमेकांना टेकणारे धातूचे ठिपके, पार काळपट. व्हिजिटिंग कार्डाची पट्टी कापून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवली आणि बोटानं कॉन्टॅक्ट हलकेच मिटून पट्टी मधून ओढली, पहिल्या ओढीलाच पट्टीवर काळी रेघ. पॉलिश पेपर मारू नका, वरचा मुलामा निघतो आणि मग आणखी लवकर काळं पडतं. या साफसफाईवर तीन आठवडे निघाले, मग परत तेच. हळू आवाजाला करंट एवढासा असतो की त्याला तो काळा थर फोडता येत नाही, मोठ्या आवाजाला येतो, म्हणून व्हॉल्यूमची ती जादू.

मग ऑनलाइन एक स्वस्तातला रिले मागवला. पाय जुळले, व्होल्टेज जुळलं, पण बसवायच्या आधी रिलेच्या कॉइलला (तिच्यामुळंच स्विच मिटतो) २४ व्होल्ट देऊन कॉन्टॅक्ट मोजले तर नवाकोरा असून एका बाजूला दीड-दोन ओहम, तेही हलत, खरं तर जवळजवळ शून्य हवं. टाकून दिला. दुसरा ओमरॉनचा जी२आर-२ घेतला, २४ व्होल्ट डीसी, कॉइल ११०० ओहम, मूळच्या कॉइलशी जुळणारी. हे बघाच, कमी ओहमची कॉइल जास्त करंट ओढते आणि भार आयसीवर येतो.

काम तासाभराचं. आधी वीज साठवून ठेवणारे मोठे कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे केले, स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडायची नाही. जुनं सोल्डर पंपानं नीट निघेना, थोडं नवं सोल्डर लावून मग ओढलं तेव्हा पाय सुटले. पहिल्यांदा सुरू करताना मेनच्या वाटेत १०० वॅटचा सिरीज बल्ब लावला, कुठं शॉर्ट असलाच तर जादा करंट बल्ब अडवतो, बल्ब एकदा भपकन पेटून मंद झाला आणि पाठोपाठ टिक. त्या टिकला किती बरं वाटलं सांगता येत नाही. मग बल्ब काढून आउटपुटचा डीसी मोजला, डावीकडे १८ मिलिव्होल्ट, उजवीकडे २६, जवळजवळ शून्यच, म्हणजे उत्तम.

आठ महिन्यांत एकदाही बाजू गेली नाही, आणि मला खरी भीती पावसाळ्याची होती, तोही निम्मा झाला. उणं एकच: या रिलेवर ५ अ‍ॅम्पिअर आहे ते ३० व्होल्ट डीसीला, माझा सप्लाय ४२ चा, त्यामुळं खरंच ट्रान्झिस्टर उडाला तर ठिणगी ओढली जाऊन कॉन्टॅक्ट चिकटायची शक्यता उरतेच. म्हणून आतले फ्यूज मूळच्याच रेटिंगचे ठेवलेत, त्यात तार गुंडाळलेली नाही (आधीच्या कुणीतरी एकात गुंडाळली होती, धन्य).

आता व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा फिरता भाग) खरखरतोय. नाना म्हणतात रेकॉर्डच जुनी आहे, असूदे.