जुन्या डेस्कटॉपला रॅम वाढवायची, एसएसडी टाकायची की मशिनच बदलायचं?

नाशिकमध्ये सातपूरला मामांचं छोटं वर्कशॉप आहे. ऑफिसातला डेस्कटॉप २०१२ सालचा. एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड), चार जीबी रॅम (चालू काम ठेवायची तात्पुरती मेमरी) आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. टॅली चालू असताना क्रोममध्ये जीएसटीचं पोर्टल उघडलं की माऊसचा बाणसुद्धा अडखळायचा. दुकानदाराने सरळ सांगितलं होतं, नवीनच घ्या. मामांनी मला विचारलं, "अरे, नुसती रॅम टाकून भागेल का रे?"

मी आधी मशिन दिवसभर वापरात असताना बघायला सांगतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. मेमरीचा आकडा सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडते आहे. मेमरी निम्मीच भरलेली आणि डिस्क मात्र शंभर टक्के असेल, तर रॅमवर पैसे घालू नका, एसएसडी घ्या, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. फसगत होते ती दोन्ही आकडे चढलेले असतात तेव्हा. रॅम भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर ठेवतं आणि तिथून परत आणत बसतं. डिस्क धापा टाकताना दिसते, पण मूळ दुखणं रॅमचं असतं. मामांच्या मशिनचं हेच होतं.

आता खर्चाच्या मानाने फरक किती पडतो ते बघू. चारची आठ जीबी रॅम केली की चालू काम अडत नाही, टॅलीतून क्रोममध्ये जाताना थांबावं लागत नाही. पण सकाळी मशिन सुरू व्हायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो. तो कमी होतो एसएसडीने. एच६१ वर डिस्क जोडायला साटा-२ चेच, जुने आणि कमी वेगाचे पोर्ट असतात, म्हणजे एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, तरीही हार्ड डिस्कच्या तुलनेत जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. कारण विंडोज सुरू होताना इथून-तिथून हजारो बारीक फायली वाचल्या जातात आणि हार्ड डिस्कची सुई प्रत्येक वेळी जागा शोधत फिरते. आठच्या सोळा जीबी करण्यात मात्र हिशेब-पत्रव्यवहाराच्या कामाला काहीच हाती लागत नाही.

आणखी एक बघून घ्या. विंडोज ३२ बिटचं असेल तर चार जीबीच्या पुढची रॅम ते वापरतच नाही. आधी ६४ बिटचं टाकावं लागेल.

रॅमची स्टिक, म्हणजे पट्टी, घेताना सगळ्यात जास्त चुका होतात. डीडीआर-२, ३, ४ या रॅमच्या पिढ्या. डीडीआर-३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर-४ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका. १३३३ वेगाच्या स्टिकच्या जोडीला १६०० ची लावली तर चालते, फक्त दोन्ही १३३३ वर धावतात. चारची एक स्टिक असेल तर दुसरीही चारचीच घ्या, म्हणजे ड्युअल चॅनेल मिळतं, दोन्ही स्टिक एकदम वापरल्या जातात. तुमचा बोर्ड जी४१ या जुन्या चिपसेटचा असेल तर स्टिकवरच्या काळ्या चिप मोजा. चार जीबीची आठ चिपवाली स्टिक त्यावर चालत नाही, दोन्ही बाजू मिळून सोळा चिपवालीच लागते. हे मला घरच्या मशिनवर कळलं. स्टिक लावल्यावर स्क्रीन काळीच राहिली आणि दुकानात परत घेईनात. तेव्हापासून जुनी स्टिक सोबत नेल्याशिवाय आणि बदलून देण्याचं बिलावर लिहून घेतल्याशिवाय मी एम.जी. रोडवरून रॅम आणत नाही. "ओन्ली फॉर एएमडी" म्हणून मिळणारी स्वस्त स्टिक इंटेलच्या बोर्डासाठी घेऊच नका.

नवी की सेकंडहँड? डीडीआर-३ बिनधास्त सेकंडहँड घ्यावी असं माझं मत. रॅममध्ये फिरणारा भाग नसतो, वापराने ती फारशी झिजत नाही. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला की खोट असेल तर बहुधा सापडते. एसएसडी मात्र नवीच, कारण ती लिहून लिहून झिजते.

बसवताना वायर काढून पॉवरचं बटण एकदा दाबा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. मामांच्या कॅबिनेटमध्ये लोखंडाची बारीक धूळ साचली होती, ती ब्रशने काढली. जुन्या स्टिकचे सोनेरी पाय खोडरबरने हलके पुसले. नवी स्टिक दोन्ही टोकांना सारखी दाबली आणि कट्ट आवाज करत खटके बसले.

मशिन बदलण्याचा विचार दोन वेळा रास्त ठरतो. डीडीआर-२ असेल तर त्यात एक रुपयाही घालू नये. आणि विंडोज ११ हवंच असेल तर एवढी जुनी मशिन त्यात बसत नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ज्या मशिनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे मी आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असलेलं रीफर्बिश्ड (वापरलेलं, पण तपासून-दुरुस्त करून विकलेलं) मशिन घ्यायला सांगेन.

मामांनी बँकेचं काम घरच्या लॅपटॉपवर नेलं. वर्कशॉपच्या मशिनला आधी स्टिक घेतली, महिन्याभराने एसएसडी. जुनी हार्ड डिस्क आतच ठेवली आहे. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी तिच्यावर जातो आणि शनिवारी पेन ड्राइव्हवर.