फ्लुरेसीन: पट्टी की बाटली?

निळ्या उजेडात बुबुळावरचा ओरखडा हिरवा चमकतो, तो फ्लुरेसीन या रंगामुळे. पण रंग भिनवलेली कागदी पट्टी घ्यावी की द्रावणाची बाटली?

स्वच्छतेत पट्टी सरळ पुढे. निर्जंतुक, वेगळ्या पाकिटात, वापरली की फेकली. बाटलीतल्या साध्या द्रावणात स्यूडोमोनास जिवाणू मजेत वाढतो, आणि खरचटलेल्या बुबुळाची तो पार वाट लावू शकतो.

सोय बाटलीची: थेंब टाकला, झालं. पट्टी निर्जंतुक सलाइनने ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवायची, कोरडी टोचते. बुबुळाला तर लावायचीच नाही.

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स दोन्हीत आधी काढा, नाहीतर पिवळी पडते.

जखमेची शंका असेल तर पट्टी किंवा एकदाच वापरायची कुपी. भुलीचं औषध आणि प्रिझर्व्हेटिव्ह (जंतूंची वाढ रोखणारा पदार्थ) असलेली बाटली डोळ्याचा दाब मोजायला ठीक, टोक कुठेही न टेकवता.