टुर्नामेंट की कॅश गेम? पोकरवर घर चालवायचं असेल तर

ऑगस्ट 2025 च्या कायद्याने ऑनलाइन पैशांचा खेळ बंद केला, त्यामुळे पूर्णवेळ पोकर खेळायचं म्हणजे आता बहुतेक गोवा नाहीतर परदेश. महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा होता म्हणे, 1976 चा, तो कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये रद्दही झाला, तो विषयच संपला. म्हणजे पुण्यातून रात्रीची बस पकडून पणजी गाठायची आणि मग ठरवायचं की टुर्नामेंट खेळायच्या (एकदा प्रवेश फी भरायची आणि बाद होईपर्यंत खेळायचं) की कॅशला बसायचं (चिप्स म्हणजे खरे पैसे, हवं तेव्हा उठायचं). मी दोन्ही करून पाहिलंय.

टुर्नामेंटच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. जास्तीत जास्त काय जाणार हे आधी माहीत असतं (री-एंट्रीचा, म्हणजे बाद झाल्यावर पुन्हा फी भरून बसायचा मोह आवरला तर), आणि लागला तर जॅकपॉट. 2003 ला ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेची जागा जिंकायची छोटी स्पर्धा) वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला पोचला आणि 25 लाख डॉलर घेऊन गेला, आपल्या संतोष सुवर्णाने 2024 ला अडीच लाख डॉलर बाय-इनचा (प्रवेश फीचा) इव्हेंट मारून 54 लाख डॉलर नेले. नाव होतं, फोटो येतो. पण हेंडन मॉब या पोकरच्या निकालांच्या वेबसाइटवर कुणाचे आकडे बघून हुरळून जाऊ नका, तिथे फक्त जिंकलेले पैसे दिसतात, बाय-इन किती भरले ते दिसत नाही. साधारण पंधरा टक्के लोकांना पैसे मिळतात, त्यातल्या बऱ्याच जणांना मिन-कॅश, म्हणजे सगळ्यात छोटं बक्षीस, बाय-इनच्या दीड-दोन पट.

कॅशमध्ये हे काहीच नाही. तीच रेग्युलर मंडळी, तेच टेबल, सगळे टुरिस्टची वाट बघत बसलेले आणि प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) थोडा थोडा रेक, म्हणजे कॅसिनोचा हिस्सा, जात असतो, कधीकधी तर टेबलच भरत नाही आणि तुम्ही चहा पीत बसता. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू.

मग मी टुर्नामेंट का सोडल्या? घरून फोन यायचा, "जेवायला आहेस का?", आणि मला उत्तर देता यायचं नाही. एवढंच कारण. टुर्नामेंटमधून मनाने उठताच येत नाही, चिप्सला बाहेर काही किंमत नाही आणि उठलात तर ब्लाइंड (आळीपाळीने सक्तीने लावाव्या लागणाऱ्या चिप्स) तुमचा चिप्सचा साठा खात बसतात, म्हणजे चांगलं खेळलात तर अडकलात. बहिणीच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्रीची बस काढून ठेवली होती आणि नेमका टुर्नामेंटच्या डे टूला, म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या खेळापर्यंत, पोचलो. सोडवेना. बस गेली, दुसऱ्या दिवशी बबल फुटल्यावर (उरलेल्या सगळ्यांना बक्षीस नक्की झाल्यावर) दहा मिनिटांत पॉकेट जॅक (हातात दोन गुलाम) घेऊन आऊट झालो, आणि मिळालेल्या पैशांतून बाय-इन वजा केल्यावर हॉटेल आणि नवीन तिकीट जेमतेम निघालं. साखरपुडा फोनवर बघितला. आई अजून बोलून दाखवते, रागाने नाही, सहज, तेच जास्त लागतं.

कॅशला घड्याळ माझं असतं. पाच तास म्हणजे पाच तास, चिप्स उचलायच्या, काउंटरवर द्यायच्या, मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवरून जेटीवर यायचं. अर्थात हरत असताना उठवत नाही, तो रोग मलाही आहे, पण निदान उठायची सोय तरी आहे. आणि चढउतार मला तरी कमी वाटले, टुर्नामेंटमध्ये चार-चार महिने कोरडे गेलेत, कॅशमध्ये सलग वाईट गेलेला काळ तीन आठवड्यांचा. हा माझा अनुभव, तुमचा वेगळा असू शकतो. टॅक्सचं म्हणाल तर दोन्हीकडे रड तीच, जिंकलेल्यावर 30 टक्के आणि हरलेल्याची वजावट नाही.

वय बावीस-तेवीस असेल, घरी कुणी वाट बघत नसेल आणि बाय-इनचा हिस्सा विकत घेणारे मित्र असतील तर टुर्नामेंट जरूर खेळा, मी कोण अडवणारा. लग्न झालेलं असेल तर कॅश बघा बुवा.

मीही वर्षातून एक टुर्नामेंट खेळतोच. फक्त परतीचं तिकीट काढून ठेवत नाही.