अ‍ॅम्बॅसडरला 15 इंची लोखंडी रिम की 17 इंची अलॉय?

काकांची 1489 सीसीवाली अ‍ॅम्बी आता माझ्याकडे आलीय, टायर टणक झालेत, बदलायचेच आहेत. बडोद्याच्या दांडिया बाजारात ज्याला विचारावं तो म्हणतो 17 च्या अलॉय टाक, रुबाब येईल. रुबाब येईल हो, पण ओढायला पन्नासेक हॉर्सपॉवरचं म्हातारं इंजिन आहे ना!

मूळ टायर 5.90-15, क्रॉस-प्लाय, म्हणजे आतले धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदणारे. त्याजागी 165/80 आर 15 रेडियल (आतले धागे सरळ आडवे; 165 ही मिमीतली रुंदी, 80 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के, 15 रिमचे इंच) धरला तर उंची 645 मिमी, आणि 205/50 आर 17 ची 637, म्हणजे स्पीडोमीटरला पत्ताही लागणार नाही. खरा फरक साईडवॉलचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचा, इकडे 132 मिमी रबर, तिकडे 102. पावसाळ्यानंतरचे बडोद्याचे खड्डे आठवा, ते 30 मिमी तुमच्या कमरेला कळतात आणि रिमच्या कडेलाही.

वजनाचं मात्र नीट समजून घ्या. फिरणारं वजन मध्यापासून जितकं लांब तितका जोर जास्त, अंतर दुप्पट तर जोर चौपट. 17 च्या रिमची कड एक इंच बाहेर जाते, त्यामुळे कडेवरचं तेवढंच वजन फिरवायलासुद्धा साधारण 28 टक्के जास्त जोर लागतो आणि तेच ओझं मग ड्रम ब्रेकला थांबवायचं असतं. वर मागे पाट्यांची स्प्रिंग, जड चाक उसळलं की ती त्याला पटकन आवरू शकत नाही. अलॉय म्हणजे हलकी हा समज सोडा, स्वस्तातल्या मोठ्या अलॉय लोखंडीपेक्षा जड निघतात.

रुंद टायरची बाजूही सांगतो, कोरड्या रस्त्यावर वळणात पकड चांगली, अहमदाबाद एक्सप्रेसवेवर गाडी जास्त धीराची वाटेल. पण साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, आणि पॉवर स्टेअरिंग नसताना मंगळबाजारात पार्किंग करून बघा, खांदे भरून येतात.

2023 च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यावर जुन्या गाड्यांची स्पर्धा झाली, तसल्या ठिकाणी मूळपणाला मान असतो, अलॉयला नाही.

मी 15 च घेतोय, चारही रेडियल, कारण एकाच अ‍ॅक्सलवर क्रॉस-प्लाय आणि रेडियल मिसळायचे नसतात. तुम्हाला 17 च हवी असेल तर ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) आणि मडगार्डला घासतंय का ते बघा, आणि पैसे द्यायच्या आधी रिम-टायर दोन्ही भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवा, जुनं चाकसुद्धा.